परत आलेला चेक आणि हातातले तीस दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात साखर पेठेत घरूनच शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकणाऱ्या एका ताईंनी गड्डा यात्रेसाठी कलबुर्गीच्या एका दुकानदाराला माल दिला. ४० किलो चटणी ३१० रुपये किलोने आणि भाकरीची १०० पाकिटं ६० रुपयांनी, मिळून १८,४०० रुपये. त्याने होम मैदानावर स्टॉल लावला, माल खपवला आणि २० जानेवारी २०२६ तारखेचा चेक दिला. चेक बँकेत टाकला तर २३ जानेवारीला 'फंड्स इन्सफिशियंट' शेऱ्याने परत आला. आता फोनवर तो "पुढच्या आठवड्यात परत टाका" एवढंच म्हणतो. चेक पुन्हा टाकावा का, पोलिसांत जावं का, केससाठी कलबुर्गीला खेटे घालावे लागतील का, आणि एवढ्या रकमेसाठी हे सगळं करावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, सगळ्यात आधी बँकेतून दोन कागद ताब्यात घ्या: मूळ चेक आणि रिटर्न मेमो. मेमोवर बँकेचा शिक्का, तारीख आणि शेरा स्पष्ट हवा. मोबाइलवर आलेला 'चेक रिटर्न' असा मेसेज पुरत नाही. कोर्टात मेमोच प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. मेमो शाखेत पडून असेल आणि तुम्ही चार दिवसांनी आणलात, तर कोणत्या दिवशी मिळाला ते त्याच्यावरच लिहून घ्या. चेकला भोक पाडू नका, स्टेपल करू नका, त्यावर काही खरडू नका. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

मग शेरा वाचा, कारण पुढचा सगळा मार्ग त्या दोन-तीन शब्दांवर ठरतो. 'फंड्स इन्सफिशियंट' म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 'एक्सीड्स अरेंजमेंट' म्हणजे ओव्हरड्राफ्टची मर्यादा ओलांडली. हे दोन्ही शेरे परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट), १८८१ च्या कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा ठरवणाऱ्या कलमात, सरळ बसतात. 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर', 'अकाउंट क्लोज्ड' आणि मुद्दाम वेगळी केलेली सही हीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे याच कलमाखाली येऊ शकतात. पण अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नाही, खाडाखोड आहे, तारीख उलटून गेली आहे, अशा शेऱ्यांवर फौजदारी उभी राहत नाही. तिथे भांडत न बसता नवा चेक मागावा. तुमचा शेरा पहिल्या प्रकारचा आहे, म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे. पण ती तारखांच्या आत वापरली तरच.

या प्रकरणांत बहुतेक लोक हरतात ते खरेखोटेपणावर हरत नाहीत, तारखांवर हरतात. समोरचा गोड बोलतो, "या सोमवारी", "लग्नसराईची उधारी आली की", असे वायदे करत पाच आठवडे काढतो आणि नोटिशीची मुदत संपते. म्हणून तुमच्या तारखा एका वहीत अशा लिहून ठेवा.

मेमो मिळाला २३ जानेवारीला. नोटीस त्यानंतर ३० दिवसांत पाठवायची. मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं तर ३० वा दिवस येतो २२ फेब्रुवारी, आणि तो रविवार आहे. पोस्ट बंद. त्यामुळे २० फेब्रुवारी ही तुमची खरी शेवटची तारीख समजा, आणि प्रत्यक्षात २ फेब्रुवारीलाच नोटीस पोस्टात टाका. ती ६ फेब्रुवारीला त्याला मिळाली असं धरू. मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे भरायला आहेत, म्हणजे २१ फेब्रुवारीपर्यंत. २२ फेब्रुवारीपासून तक्रारीचा हक्क सुरू होतो आणि एक महिन्यात, म्हणजे २२ मार्चपर्यंत, कोर्टात तक्रार दाखल व्हायला हवी. तोही रविवार आहे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कायदा दुसरा दिवस देतो, पण त्या भरवशावर बसू नका, मार्चच्या पहिल्या आठवड्यात दाखल करा. उलट घाईही नको: १५ दिवस पुरे व्हायच्या आत केलेली तक्रार टिकत नाही. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, पण नोटिशीच्या ३० दिवसांना अशी सवलत नाही. सगळ्यात जास्त जपायची ती हीच मुदत.

आता "परत टाका" या बोलण्याचं. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने असते (१ एप्रिल २०१२ पासून, त्याआधी सहा महिने होती). तुमचा चेक १९ एप्रिलपर्यंत जिवंत आहे आणि तोवर कितीही वेळा टाकता येतो. प्रत्येक वेळी परत आला की नवा मेमो आणि नवे ३० दिवस मिळतात. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण एखाद्या प्रकरणात नोटिशीची मुदत चुकली आणि चेकची मुदत शिल्लक असली, तर पुन्हा टाकून नवा मेमो घेणं हाच वाचण्याचा रस्ता असतो. पण दर वेळी तुमच्या खात्यातूनही चेक परतीचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापला जातो. शुल्क बँकेगणिक वेगळं असतं, आपल्या शाखेतला तक्ता बघून घ्या. म्हणून एकदाच टाका, आणि त्याच्याकडून तारीख लेखी आल्यावरच. व्हॉट्सअ‍ॅपवर असं विचारा: "तुमचा १८,४०० चा चेक मी अमुक तारखेला पुन्हा भरते, खात्यात रक्कम आहे का ते कळवा." त्याचं "हो, टाका" एवढं उत्तरसुद्धा पुढे उपयोगी पडतं, कारण त्यात देणं कबूल झालेलं असतं.

टाकायचा दिवस आणि वेळही बघा. पूर्वी चेक टाकल्यावर दीड-दोन दिवस मधे मिळायचे आणि बरेच व्यापारी त्या मधल्या वेळात पैसे भरायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभरात स्कॅन होऊन सतत पुढे जातात आणि समोरच्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत होय किंवा नाही कळवावं लागतं. म्हणजे पैसे त्याच दिवशी खात्यात हवेत. "तुम्ही टाका, मी उद्या भरतो" म्हणणाऱ्याचा चेक आता परतच येणार.

आणि एक सापळा. समजा त्याने मधेच ८,००० रुपये यूपीआयने पाठवले. तर जुना १८,४०० चा चेक आता तसाच टाकू नका आणि त्यावर १८,४०० ची नोटीसही देऊ नका. देणं १०,४०० उरलं आहे आणि चेक मात्र १८,४०० चा आहे. मधे मिळालेली रक्कम चेकवर नोंदवली नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार त्या चेकवर कलम १३८ लागू होत नाही. उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या हे सगळ्यात सोपं. तसंच "जुना चेक द्या, मग नवीन देतो" याला हो म्हणू नका. नवा चेक वटून पैसे जमा झाल्यावरच जुना परत द्यायचा, आणि तोही पोच घेऊन.

नोटीस वकिलामार्फतच गेली पाहिजे असा नियम नाही. कायदा फक्त 'लेखी नोटीस' म्हणतो. मजकूर मात्र नेमका हवा. कलबुर्गीच्या माणसाला इंग्रजीत पाठवलेली बरी, पण मराठीतही चालते. तुमच्या प्रकरणात मुख्य भाग असा होईल:

"आपण दिलेला चेक क्र. ……, दि. २० जानेवारी २०२६, रक्कम रु. १८,४००/-, …… बँक, …… शाखा, हा माझ्या बिल क्र. ……, दि. …… च्या मालाच्या किमतीपोटी होता. तो मी …… बँकेतील माझ्या खात्यात भरला असता 'फंड्स इन्सफिशियंट' या शेऱ्याने परत आला व तसा मेमो मला दि. २३ जानेवारी २०२६ रोजी मिळाला. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदर चेकची रक्कम रु. १८,४००/- मला द्यावी. अन्यथा परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ अन्वये आपल्याविरुद्ध फौजदारी तक्रार दाखल करावी लागेल."

मागणीची रक्कम चेकच्या रकमेशी रुपयाने जुळली पाहिजे. टायपिंगची चूकही महागात पडते; रक्कम वेगळी लिहिली गेली म्हणून नोटीस आणि तिच्यासोबत अख्खी केस गेल्याची उदाहरणं आहेत. बँकेचं शुल्क, व्याज, नोटिशीचा खर्च मागायचा असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्याने लिहा. एकत्र बेरीज करू नका.

नोटीस कुणाच्या नावाने, याकडेही लक्ष द्या. दुकान एकट्याचं असेल तर मालकाच्या नावाने, खाली दुकानाचं नाव. भागीदारी असेल तर फर्मला आणि भागीदारांना वेगवेगळी. कंपनी असेल तर कंपनीला आणि सही करणाऱ्या संचालकाला. चेक भावाच्या किंवा बायकोच्या खात्याचा निघाला तर नोटीस त्या खातेदाराला, ज्याने सही केली त्याला. संयुक्त खात्यात दुसऱ्या नावाच्या पण सही न केलेल्या माणसाला आरोपी करता येत नाही. चेकवरचं नाव आणि सही नीट बघूनच पत्ता घाला.

पूर्वीचं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्ट करताना पोहोचल्याच्या पुराव्याची सेवा जोडून मागा. दुकानाच्या पत्त्यावर एक आणि घरच्या पत्त्यावर एक अशा दोन पाठवा. पोस्टाची पावती जपा आणि नोटीस पोहोचताच ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत पाठवा, पण ती जादाची समजा. त्याने घेतली नाही आणि 'नाकारली' किंवा 'मागितली नाही' असा शेरा लागून पाकीट परत आलं, तरी पत्ता बरोबर असेल तर ती मिळाल्याचं धरलं जातं. परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा. ते कोर्टात उघडतं.

पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. कलम १३८ ची तक्रार पोलीस नोंदवून घेत नाहीत. ती चेक ज्याच्या नावाचा आहे त्यानेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी करायची असते. माल घेतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवता येत असेल, उदाहरणार्थ आधीच बंद केलेल्या खात्याचा चेक दिला असेल, तर फसवणुकीचा वेगळा मार्ग आहे. नुसते पैसे नव्हते म्हणून तो लागत नाही.

कलबुर्गीच्या खेट्यांबद्दल मात्र निश्चिंत राहा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर केस तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. खातं सोलापूरच्या शाखेत असेल तर केस सोलापुरात, त्यालाच कर्नाटकातून यावं लागेल. दोन बारकावे आहेत. चेक तुम्ही टिळक चौकातल्या शाखेत टाकला पण खातं माहेरच्या बार्शीच्या शाखेत असेल, तर बार्शीचं कोर्ट. आणि बेअरर चेक घेऊन त्याच्याच बँकेत काउंटरवर वटवायला गेलात तर मात्र त्याच्या शाखेचं कोर्ट लागतं. सीमेपलीकडे माल देणाऱ्या प्रत्येकाने चेक नेहमी आपल्याच खात्यातून भरावा, तो यासाठी.

तक्रारीसोबत लागतात: मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि पोहोच, बिल, माल दिल्याची सही असलेलं चलन, आणि ऑर्डरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. मेसेजच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. मूळ चॅट फोनमधून पुसू नका आणि फोन बदललात तर जुना ठेवून द्या. घरगुती व्यवसायात हमखास कमी पडतं ते माल दिल्याच्या सहीचं चलन. रिक्षातून चटणीचे डबे गेले, कुणी उतरवून घेतले ते कुणालाच ठाऊक नाही, असं होतं. चेकवर सही असली की देणं होतं असं कायदा आधी गृहीत धरतो (कलम १३९), पण तो "माल आलाच नाही" म्हणाला तर ते खोडून काढायला चलनच लागतं.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. २०१८ पासून कलम १४३अ खाली, आरोपीने गुन्हा नाकारला की कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. तुमच्या बाबतीत ३,६८० रुपयांपर्यंत. ते आपोआप मिळत नाहीत, अर्ज करावा लागतो आणि द्यायचे की नाही हे कोर्ट ठरवतं. कायद्यात सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे, पण प्रत्यक्षात तारखा त्याहून बऱ्याच जास्त पडतात. आणि तारखेला तुम्ही किंवा तुमचे वकील कुणीच हजर नसाल तर तक्रार तिथेच संपून आरोपी सुटू शकतो.

मग १८,४०० साठी करावं का? नोटीस नक्की द्या. पोस्टाचे शे-दोनशे रुपये जातील, आणि बरेचसे दुकानदार नोटीस हातात पडल्यावरच पैसे भरतात, कारण तोवर त्यांना ही नुसती उधारी वाटत असते. केसचा निर्णय नोटिशीचे १५ दिवस संपल्यावर घ्या. वकिलाची फी आणि तारखांना बुडणारे कामाचे दिवस यांचा हिशेब करा: एका तारखेला एक दिवस चटणी कुटली जात नाही, तेही नुकसानच. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, आधार कार्ड आणि हे सगळे कागद घेऊन. ही सोय असताना फीच्या भीतीने हक्क सोडून देणं मला पटत नाही.

तिथेच दुसरी वाट आहे, लोकअदालतीची. केस दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं आणि तिथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते. फक्त लोकअदालतीची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणून थांबू नका. तडजोडीची बोलणी चालू असली तरी ३० दिवसांचं आणि एक महिन्याचं घड्याळ थांबत नाही.

या सगळ्या मुदती हातच्या गेल्या तरी दिवाणी दावा उरतो, त्याला तीन वर्षं आहेत. चेकवर आधारलेला दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली लावता येतो. त्यात समोरच्याला बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. शिवाय तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. ती तक्रार पुरवठादाराच्या राज्यातल्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाते, म्हणजे तुमची महाराष्ट्रात. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर फुकट होते. माल देण्याआधीची नोंदणी असेल तरच बाजू बळकट, म्हणून ती आजच करून टाका, या व्यवहारासाठी नाही तर पुढच्यांसाठी.

एक गोष्ट मात्र करू नका. चेकचा फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकून "यापासून सावध" असं लिहू नका. त्यावर त्याचा खाते क्रमांक आणि सही असते, आणि बदनामीची उलटी तक्रार तुमच्यावर येऊ शकते. फोनवर धमकीही नको. भाषा मवाळ आणि तारीख कडक ठेवा.

हिशेबाच्या वहीत चेक परत आला त्या दिवशी जमेची नोंद उलटी करून १८,४०० पुन्हा त्या दुकानदाराच्या नावे टाका आणि बँकेचं शुल्क खर्चात. बिल रद्द करू नका, क्रेडिट नोट काढू नका. माल दिला गेला आहे, पैसे बुडाले म्हणून विक्री नाहीशी होत नाही, आणि जीएसटी नोंदणी असेल तर करही विक्रीवर लागतो, वसुलीवर नाही. बिल रद्द केलंत तर त्याच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत दिलंत.

पुढच्या गड्ड्यासाठी आतापासून पद्धत बदला. यात्रेतला स्टॉलवाला हा आज आहे, पंधरा दिवसांनी नाही. त्याच्याकडून निम्मी रक्कम ऑर्डरच्या वेळी, उरलेली माल उतरवताना यूपीआयने घ्या. चेक फक्त गावातल्या अशा दुकानदाराचा, ज्याच्या तीन-चार ऑर्डरचे पैसे वेळेवर आले आहेत, आणि त्यालाही उधारीची एक मर्यादा घाला. नव्या माणसाने चेकच देतो म्हटलं तर पैसे जमा झाल्यावर माल. चेक हातात घेतला की तिथेच उभं राहून पाच गोष्टी बघा: तारीख, अंक आणि अक्षर सारखं आहे का, सही, चेक क्रॉस केल्याच्या दोन तिरप्या रेघा, आणि तुमचं नाव खात्यात आहे तसंच लिहिलं आहे का. घरगुती ब्रँडच्या नावाने चेक घेऊन तो बचत खात्यात भरता येत नाही, हा घोळ फार जणींचा होतो. खाडाखोड असेल तर शेजारी सही करून चालत नाही, नवा चेकच मागा.

बिलाच्या तळाशी एक ओळ छापून घ्या: "चेक न वटल्यास बँकेचे शुल्क खरेदीदाराकडून वसूल केले जाईल." ही ओळ नसेल तर शुल्क मागायला तुमच्याकडे करारातला आधार नसतो. आणि चेकसाठी एक वेगळी वही ठेवा, त्यात चेक क्रमांक, तारीख, बँक, बिल क्रमांक, भरल्याचा दिवस, परत आल्यास मेमोचा दिवस, त्यापुढे लाल शाईने '+३०'. तुमच्या वहीत आज पहिली ओळ लिहा: मेमो २३ जानेवारी, नोटीस २ फेब्रुवारी.